हमीदभाईंची खडी

हमीदभाई, मी पोचले तेव्हा तुम्हाला घेऊन गेले होते. रिक्षावाल्यानं छावणीच्या बाजारातच सोडलं, पुढं गल्लीत गाडी जात नाही म्हणाला, आणि मी गुडघे सांभाळत तुमच्या घरापर्यंत चालत आले. पुरुषमंडळी सगळी कब्रस्तानात होती. आत बायका बसल्या होत्या. तुमच्या नसरीननं मला पाहिलं, उठून माझा हात धरला आणि सगळ्यांना सांगितलं, "ह्या अब्बांच्या ताई." मग कोणी काही विचारलं नाही. भिंतीला टेकायला जागा मिळाली, पाण्याचा ग्लास आला आणि मी तुमच्या घरातल्या बायकांच्यात बसून रडले.

तुम्ही माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणायचात. ते कसं सुरू झालं हे तुम्ही दर नव्या विद्यार्थ्याला सांगायचात आणि मी दर वेळी चिडायचे. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला माझा पहिला दिवस होता. मी नुकती एम.एस्सी. झालेली, नाक जरा वरच. तुम्हाला म्हणाले, "हमीद, हे टेबल पुसलेलं नाही." तुम्ही फडकं घेऊन आलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "हौ ताई, पुसतो. हमीदभाई म्हटलं तर अजून चांगलं पुसतो." मी कानापर्यंत लाल झाले. त्या दिवसापासून तुम्ही हमीदभाई आणि मी ताई.

परवा भिंतीला टेकून बसले तेव्हा मला त्या टेबलाची आठवण आली नाही. मला आठवली ती एक चूक. ती तुमच्या नावावर आहे आणि ती माझी आहे. सव्विसाव्या वर्षापासून मी हे सांगायचं पुढं ढकलत आले. आता माझं वय काय झालं हे तुम्हाला ठाऊक आहे आणि ऐकायला तुम्हीच नाही. तरी सांगायचं ते तुम्हालाच सांगते, कारण या गोष्टीतलं सगळं फक्त आपल्या दोघांना माहीत होतं.

आपल्या शहरात समुद्राचा अभ्यास म्हणजे लोकांना गंमतच वाटायची. माझ्या संशोधनाचा विषय वडिलांना सांगितला तेव्हा ते लासूर स्टेशनच्या आमच्या रानात बांधावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समुद्राच्या तळाची खडी तपासायची व्हय? आपल्या वावरात लई हाय. आधी ती तपास." मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. समुद्राचा तळ सगळीकडं चिखलाचा नसतो. जिथं पाण्याला ओढ असते तिथं बारीक गाळ टिकत नाही. मागं राहते ती भरड वाळू, गोटे आणि शिंपल्यांचा चुरा. अशा खडीत बिनकण्याचे लहान लहान जीव कोण राहतात, किती राहतात, एकमेकांच्या आधारानं कसे राहतात, हे बघायचं होतं. वडील म्हणाले, "बघ बाई. कुणीतरी बघायला पाहिजेच."

खरं तर फारसं कोणी बघत नव्हतं, कारण ते काम जिकिरीचं. चिखलाचा नमुना निमूट येतो. खडीचा येत नाही. तळाशी सोडलेल्या लोखंडी जबड्यात एखादा गोटा अडकला की जबडा मिटत नाही, आणि दोर ओढून वर घेईपर्यंत आतलं सगळं पाण्यात सांडून गेलेलं असतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. मालवणला होडीत बसल्यावर ते हाताला कळलं. पहिल्या दिवशी आपण दोघांनी सकाळपासून जबडा खाली सोडला आणि वर ओढला, आणि दुपारपर्यंत एक बादलीसुद्धा भरली नाही. मी होडीच्या कडेला ओकत होते. तुम्ही त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता, तुम्हाला काही झालं नाही. तुम्ही आधी बोट बुडवून पाणी चाखलं, तोंड वाकडं केलं आणि होडी हाकणाऱ्या तांडेलाला विचारलं, "इतकं खारं पाणी, मग यात लोक राहतात कसे?" लोक म्हणजे मासे आणि किडे. तुम्ही त्यांना शेवटपर्यंत लोकच म्हणालात.

परतीच्या एसटीतली गोष्ट तर आपल्या खात्यात किती वर्षं चालली. फॉर्मालिनमध्ये बुडवलेली खडी, घट्ट झाकणांचे डबे, तरी वास यायचाच. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे यात?" मी काहीतरी शास्त्रीय सांगायला तोंड उघडलं, तोवर तुम्ही खरं ते सांगून टाकलंत. "समुद्राची खडी आहे, साहेब. औरंगाबादला नेतो." कंडक्टरनं एकदा डब्यांकडं बघितलं, एकदा आपल्याकडं. मग म्हणाला, "तिकडं खडी संपली का?" पुढच्या थांब्यावर त्यानं तुम्हाला चहा पाजला. बहुतेक दया आली असावी.

आता त्या चुकीकडं येते.

खडीतले जीव वेगळे काढायची एक रीत आहे. नमुना बादलीत घ्यायचा, पाणी घालायचं, हातानं गोल फिरवायचं आणि वर तरंगलेलं सगळं बारीक चाळणीवर ओतायचं. जीव हलके, ते पाण्याबरोबर येतात. दगड जड, ते तळाशी राहतात. असं पाच-सहा वेळा केलं की झालं. मला हे शिकवावं लागलं नाही. आमच्या घरी आई रोज तांदूळ रोळायची. पातेलं हलकं हलकं फिरवायचं, तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या पातेल्यात जातात, खडे तळाशी उरतात, ते अंगणात टाकायचे. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून रोळत आले होते आणि माझा हात चांगला होता. सर माझं काम बघून खूश झाले. ते माझे मार्गदर्शक, फार कमी वेळा खूश व्हायचे, त्यामुळं मी हवेतच होते. पहिल्या हंगामाचे सगळे नमुने मी महिनाभरात रोळून काढले. चाळणीवर आलेले जीव बाटल्यांत भरले, आणि तळाशी उरलेल्या खडीच्या बादल्या दाखवून तुम्हाला सांगितलं, "हमीदभाई, हे फेकून द्या."

तुम्ही ती खडी खात्याच्या मागं खड्ड्यात टाकलीत. पुढं तिथं सायकल स्टँड झाला तेव्हा तिच्यावर फरशी बसली.

बाटल्या मोजल्या तेव्हा जीव फार निघाले नाहीत. थोडे किडे, थोडे झिंग्यांच्या जातीचे बारीक प्राणी. शेजारच्या चिखलाच्या तळातून सरांच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या आकड्यांपुढं काहीच नाही. मला वाटलं, निष्कर्ष सापडला. भरड तळ म्हणजे ओसाड तळ. मी तसं लिहूनही टाकलं, चांगलं ठसठशीत लिहिलं. माझं अक्षर तेव्हा सुंदर होतं.

दुसऱ्या हंगामाचे नमुने आले तेव्हा तुम्ही रोळून झालेल्या खडीच्या बादल्या बाहेर नेताना थबकायला लागलात. एकदा एक गोटा बोटात धरून खिडकीपाशी नेलात. मला म्हणालात, "ताई, ये पत्थर खाली नहीं है."

"शिंपले असतात चिकटलेले. मेलेले," मी वरसुद्धा न बघता म्हणाले.

"मेलेले किती, जिवंत किती, तुम्ही मोजले का?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, तो राग एका अटेंडंटनं प्रश्न विचारला याचा होता. मी म्हणाले, "हमीदभाई, रीत जगभर हीच आहे." तुम्ही म्हणालात, "असंल. आमच्या अब्बांच्या दुकानात नव्हती." तुमचे वडील मोंढ्याजवळ चाळण्या विणायचे आणि दुरुस्त करायचे, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही लहानपणी त्यांच्या हाताखाली बसायचात. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर शाळेतला फळा उर्दूतून मराठीत आला, तुम्ही तिसरीत होतात, वर्षभर काही उमगेना, म्हणून दुपारचे दुकानातच काढलेत. त्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी विचारलं जायचं, तुमचा माल चाळणीच्या वर राहणार की खाली पडणार. एकाला डाळ हवी असायची, दुसऱ्याला चुरा. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय तुमचे वडील चाळणी हातात द्यायचे नाहीत.

मी हसले. माझ्या संशोधनात डाळ आणि चुरा आणू नका म्हणाले.  त्या दिवसापासून खडी खड्ड्यात जाणं बंद झालं. कुठून कुठून डालड्याचे रिकामे डबे आणलेत, प्रत्येक नमुन्याची खडी वेगळ्या डब्यात, वर उरलंसुरलं फॉर्मालिन, आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. आकडे उर्दू, कारण घाईत तुमच्या हाताला तेच यायचे. डबे माळ्यावर चढवलेत. मला सांगितलं नाहीत, मी विचारलंही नाही.

आणि मग ती दुपार. माझा प्रबंध टाईप व्हायला जाणार होता. एका कॉलेजात अधिव्याख्यात्याची जागा निघाली होती, प्रबंध सादर झालेला हवा अशी अट होती. घरी माझ्या लग्नाचं चाललं होतं आणि ती नोकरी लागली तरच मी मला हवं तसं राहू शकणार होते. तुम्ही जोहरची नमाज पढून आलात, माझ्या सूक्ष्मदर्शकाखालची बशी न विचारता बाजूला केलीत आणि दुसरी ठेवलीत. तुमची बोटं गुलाबी झाली होती. रोझ बंगाल नावाचा रंग आपण वापरायचो. जीव पकडला तेव्हा त्याच्या अंगात मांस असेल तर ते गुलाबी होतं, नुसतं रिकामं कवच असेल तर रंग धरत नाही. तुम्ही डब्यातल्या खडीला तो रंग दिला होता.

मी वाकून पाहिलं. एकच गोटा होता, लिंबाएवढा. त्याच्यावर पांढऱ्या चुनखडी नळ्या वळवळत गेल्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक नळीच्या तोंडातून गुलाबी टोक डोकावत होतं. एका खाचेत इवलासा शिंपला धाग्यांनी स्वतःला बांधून बसला होता, उघडून पाहिला तर आत गुलाबी. भोकाभोकात काहीतरी. एका फुटक्या शंखाच्या आत पाच नाजूक बाहू गुंडाळून एक ताऱ्यासारखा जीव निजल्यासारखा. एका बाजूला बारीक जाळीचा पापुद्रा होता, मला ती बुरशी वाटायची. ती शेकडो जिवांची एकत्र वस्ती होती.

मी दुसरा गोटा मागितला. मग तिसरा. तुम्ही देत गेलात आणि मी बघत गेले, चहा निवून गेला.

माझ्या तांदळाच्या हातानं माल फेकला होता आणि पाणी ठेवलं होतं. ओढीच्या पाण्यात टिकून राहायचं तर खडीला घट्ट धरून राहावं लागतं, हे एखाद्या पोराला कळलं असतं. जे सुटून वर आले ते थोडे होते. जे धरून राहिले तेच तिथले खरे रहिवासी, आणि त्यांना मी अंगणात टाकायचे खडे समजले. तळ ओसाड नव्हता. उद्या कोणी तिथली वाळू-खडी उपसायला निघालं असतं आणि माझ्या प्रबंधाचं पान दाखवून म्हणालं असतं की इथं काहीच राहत नाही, तर ते माझं पान असतं. आजही मला कधी कधी वाटतं, तुम्ही मला नोकरी जाण्यापेक्षा मोठ्या गोष्टीतून वाचवलंत.

त्या वेळी मात्र मला तसं वाटलं नव्हतं. त्या वेळी मी रडले आणि तुमच्यावर ओरडले. "आधी का नाही सांगितलंत?" तुम्ही म्हणालात, "सांगितलं होतं ताई." मग माझ्यासमोर चहाचा दुसरा कप ठेवलात.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगावं लागलं. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत होते. मग म्हणाले, "दुसरा हंगाम आहे. पहिल्या हंगामाची खडी?"  प्रबंध आता वर्षभर लांबणार हे उघड होतं. त्या जागेसाठी सरांनी पत्र दिलं, उशीर विद्यार्थिनीच्या चुकीनं झालेला नाही असं लिहिलं, तरच काही आशा होती. तसं त्यांना लिहिता आलं नसतं, कारण खडी मीच टाकायला लावली होती. मी तोंड उघडणार होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्ही दारात उभे होतात. म्हणालात, "साहब, वो मेरे हाथ से फेका गया."

मी गप्प बसले.

सर रागीट होते, अन्यायी नव्हते. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी केलं. तुम्हाला लेखी ताकीद मिळाली, निष्काळजीपणाबद्दल. मला पत्र मिळालं. कॉलेजनं जागा वर्षभर थांबवली, मी तिसऱ्यांदा मालवणला जाऊन आले, तुम्ही बरोबर आलात, आणि त्या वेळी एकही दगड बघितल्याशिवाय सुटला नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सगळ्यात शेवटी एक ओळ आहे: प्रयोगशाळा परिचर यांचे सहकार्य लाभले. तुमचं नाव नाही. ती प्रत तुम्ही मागून घेतलीत आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारलंत, "परिचर म्हणजे मी ना?" हो म्हणाले. "अच्छा लिखा है," म्हणालात. चिडवत होतात की नाही हे मला कळलं नाही. तुमचा चेहरा अशा वेळी काही सांगायचा नाही.

लॅब असिस्टंटची जागा निघाली तेव्हा तुमच्या फायलीतली ती ताकीद आडवी आली. दुसऱ्यांदा निघाली तेव्हाही. तुम्ही निवृत्त झालात ते अटेंडंट म्हणूनच. तोपर्यंत मी त्या कॉलेजातून परत आपल्या खात्यात आले होते, शिकवत होते, आणि तुमच्या चुकीची गोष्ट झाली होती. खात्यात नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात ताकीद मिळायची, बघितल्याशिवाय काही फेकायचं नाही, हमीदभाईंची खडी करायची नाही. कोणाच्या हातून नमुना सांडला की बाकीचे म्हणायचे, झाली हमीदभाईंची खडी. प्रेमानं म्हणायचे, तुम्ही सगळ्यांचे लाडके होतात. तुम्हीही हसायचात. मी त्याच खोलीत असायचे आणि फळ्याकडं तोंड करून काहीतरी लिहीत राहायचे.

एकदा मी बोलायला निघाले होते. तुम्ही निवृत्त व्हायच्या वर्षी, ईदच्या दुसऱ्या दिवशी मी शीरखुर्मा खायला आले होते. तुमच्या बेगम आत होत्या. मी म्हणाले, "हमीदभाई, ती खडी..." तुम्ही वाटी पुढं केलीत. "ताई, वो समंदर की बात है, समंदर में रहने दो." मी वाद घातला. म्हणाले, तुमची बढती गेली. तुम्ही म्हणालात, "आणि तुम्ही गेल्या असत्या तर? मग किड्यांकडं बघितलं कुणी असतं?" हा कसला हिशेब, असं मी विचारणार होते, तेवढ्यात बेगम आल्या. तो वाद तसाच राहिला. मला अजूनही तुमचं म्हणणं पटलेलं नाही. माझ्याऐवजी दुसरं कोणी आलं असतं. तुमच्याऐवजी दुसरं कोणी आलं नसतं.

तुम्ही मला किती दिलंत हे तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. तुमची ती वही, उजवीकडून सुरू होणारी. प्रत्येक जातीला तुम्ही नाव दिलं होतं. कंगवा, झाडू, तसबी, सुई, आजीबाई. जपमाळेसारखा मण्यामण्यांचा एक किडा होता, त्याला तुम्ही तसबी म्हणायचात, आणि सरसुद्धा एकदा भर बैठकीत "इथं तसबी किती?" असं विचारून बसले. मी तुमच्याकडून शिकले की खडीचा तळ हा एखाद्या मोहल्ल्यासारखा असतो. नळीतला किडा गोट्यावर घर बांधतो, तो मेला की रिकाम्या नळीत दुसरा राहायला येतो, नळ्यांच्या गुंत्यात गाळ अडकतो, त्या गाळावर तिसरा जगतो. मोठ्या लाटेनं गोटा उलटा झाला की सगळं नव्यानं सुरू. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण "ताई, हा भाडेकरू आहे, मालक गेला" असं तुम्ही चिमट्यानं दाखवल्यावर ते मला दिसलं. पुढं तीस वर्षं मी मुलांना तेच वाक्य सांगून शिकवलं, आणि मुलांना वाटलं ते माझं आहे.

आणि खडी परत करायचा तुमचा हट्ट. मोजून झालेली खडी महिनाभर नळाखाली धुवायचात आणि पुढच्या खेपेला ती मालवणला न्यायची म्हणायचात. "अमानत आहे. ज्याची त्याला परत द्यायची." मी म्हणायचे, एसटीच्या टपावर दगड वाहायचे आणि ते समुद्रात टाकायचे, लोक वेडे म्हणतील. एकदाच माझं ऐकलं नाहीत, एक डबा गुपचूप आणलात आणि होडीतून एकेक गोटा सोडलात. पैठणला नाथसागराच्या काठावर एकदा सहल गेली होती तेव्हाही तुम्ही नदीतला गोटा उचललात की बघून जागच्या जागी ठेवायचात. आपल्या गोदावरीच्या गोट्यालाही खालून रहिवासी असतात, मुलांनो, असं सांगायचात. ज्याचं त्याला परत देणं मी कधी केलं नाही. आता करते.

काल खात्यात तुमची शोकसभा झाली. हॉल भरला होता. सर चाकाच्या खुर्चीतून आले, नसरीन पहिल्या रांगेत होती. आताचा खातेप्रमुख माझाच विद्यार्थी, तो फार जिव्हाळ्यानं बोलला. बोलता बोलता त्यानं ती गोष्ट सांगितली. म्हणाला, हमीदभाईंनी आयुष्यात एकच चूक केली आणि ती आम्हा सगळ्यांना शिकवून गेली. लोक ओल्या डोळ्यांनी हसले. मी नसरीनकडं पाहिलं. ती हसत नव्हती, खाली बघत होती.

मी उठले. माझं नाव यादीत नव्हतं. माइक नको म्हणाले. मी म्हणाले, ती खडी हमीदभाईंनी फेकली नाही, मी फेकायला लावली. ती माझी चूक होती, त्यांनी ती पकडली, आणि माझी नोकरी जाऊ नये म्हणून सरांसमोर स्वतःच्या अंगावर घेतली. आणि मी त्यांना घेऊ दिली. सरांना कमी ऐकू येतं, त्यांच्या मुलानं वाकून त्यांना सांगितलं. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. बाकी काय झालं ते मला आठवत नाही. 

नसरीन मला व्हरांड्यात भेटली. मला वाटलं, आता ही मला जे बोलेल ते मी ऐकून घ्यायचं. तिनं कठडा धरला. मग म्हणाली, "मी बारावीत होते तेव्हा अब्बांची बढती दुसऱ्यांदा हुकली. घरात वाद झाला. मी त्यांना म्हणाले, तुम्हाला साधे दगड सांभाळता आले नाहीत, म्हणून आपण असे राहतो. ते म्हणाले, हौ बेटा, नहीं आए."

मग ती रडायला लागली आणि मी तिला धरलं.

सरांसमोर तुम्ही ते बोललात हे मी समजू शकत होते, हमीदभाई. एक क्षण होता, तुम्ही मोठ्या मनाचे होतात, तोंडातून निघून गेलं. पण घरी? पोर टोचून बोलते आहे, अशा वेळी तिला जवळ घेऊन खरं ते सांगितलं असतंत तर मला कळलंही नसतं. माझं काही बिघडलं नसतं. तुम्ही तिथंही माझं नाव राखलंत आणि पोरीच्या नजरेत कमी होणं पत्करलंत. माझ्यासाठी कोणी इतकं केलेलं नाही, आईवडिलांनीही नाही. मी तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, तरी मानते.

निघताना नसरीननं विचारलं, "हे लिहून द्याल का? मुलांना वाचायला देईन." म्हणून हे लिहिलं. तिच्यासाठी एवढं आणखी लिहिते, कारण काल हॉलमध्ये हे सांगायचं माझं धाडस झालं नाही. नसरीन, पहिल्या हंगामाची खडी फेकायला सांगितली त्या दिवशी बादली उचलण्याआधी तुझे अब्बा दारात थांबले होते. त्यांनी विचारलं, "ताई, पक्कं ना? एकदा बघून घ्यायचं का?" मी नाही म्हणाले. ते खड्ड्यापर्यंत गेले, भरलेली बादली घेऊन परत आले आणि त्यांनी मला पुन्हा विचारलं.